अमूर्ताकडे पाहताना

नाशिकच्या चित्रकलेची ओळख प्रामुख्याने निसर्गचित्रांनी घडविली आहे. गोदाघाटावरील पायऱ्या, रामकुंडाचा परिसर, नारोशंकराचे मंदिर, जुन्या वाड्यांच्या लाकडी माड्या, पावसाळ्यात त्र्यंबकच्या डोंगरांवर उतरणारे धुके : या साऱ्यांना जलरंगांत बांधणारी एक समृद्ध परंपरा या शहरात निर्माण झाली. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी ती मोठ्या निष्ठेने जोपासली. नाशिककर रसिकाचा डोळा याच परंपरेत घडला. प्रदर्शनात शिरावे, चित्रातील घाट ओळखावा, ‘हा तर आपला सरकारवाडा’ असे म्हणावे आणि ओलसर दगडावर पडलेला कोवळा प्रकाश चित्रकाराने किती नेमका टिपला आहे याचे कौतुक करावे, हा त्याचा साधा आणि प्रामाणिक आनंद आहे.

असा रसिक अमूर्त चित्रांच्या दालनात येतो, तेव्हा मात्र त्याची पावले अडखळतात. समोर मोठा कॅनव्हास असतो. त्यावर राखाडीत मिसळलेला हिरवा, मध्येच तांबूस झाक, कोठेतरी एक पुसट रेघ. ना घाट, ना माणूस, ना झाड. खालच्या पट्टीवर ‘शीर्षकहीन’ एवढाच शब्द. दोन मिनिटांत दालनाची फेरी संपते, अभिप्रायाच्या वहीत ‘छान’ असा एक शब्द लिहिला जातो आणि मनात एक बोच घेऊन माणूस बाहेर पडतो : हे आपल्यासारख्यांसाठी नाही. ही बोच क्षुल्लक मानू नये. सुशिक्षित, चोखंदळ आणि घरात पुस्तकांचे कपाट बाळगणारी कुटुंबे कलेच्या एका मोठ्या दालनापासून कायमची दूर राहतात, ती याच एका संकोचामुळे.

वस्तुतः हा संकोच अनाठायी आहे. आकृतीविना मिळणारा आनंद आपल्याला मुळीच अपरिचित नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९२२ मध्ये याच नाशिक नगरीत रामनाम आधार आश्रम स्थापन केला. शास्त्रीय संगीताची गोडी सामान्य घरांपर्यंत पोहोचविण्याचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. मैफलीत गायक आलापी करतो तेव्हा त्या स्वरांना ‘अर्थ’ नसतो, शब्दही नसतात. तरीही ‘या आलापाचा अर्थ काय?’ असे कोणी विचारत नाही. षड्जावरून गंधारावर जाणारा स्वर मनाला कोठे स्पर्श करतो, एवढेच आपण अनुभवतो. कानांना दिलेली ही मोकळीक आपण डोळ्यांना देत नाही, कारण डोळ्यांना ओळखण्याची सवय जडलेली असते.

एका शब्दाचा पेच

‘अमूर्त चित्र’ हा मराठीत रूढ झालेला शब्द जैन तत्त्वज्ञानाचा परिचय असलेल्या वाचकाला थोडा थबकविणारा आहे. आपल्याकडे मूर्त आणि अमूर्त हे शब्द सैलपणे वापरले जात नाहीत. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल या सहा द्रव्यांपैकी केवळ पुद्गल मूर्त, म्हणजे रूपी आहे. ज्याला स्पर्श, रस, गंध आणि वर्ण आहेत, ते पुद्गल. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात या विषयाचे विवेचन आलेले आहे. उरलेली पाच द्रव्ये अमूर्त आहेत. जीवही स्वभावतः अमूर्तच. कर्मबंधामुळे संसारी जीवाला व्यवहारनयाने मूर्त म्हटले जाते, इतकेच.

या कसोटीवर पाहिले तर रंग हे पुद्गल आहे. कॅनव्हास, जवसाचे तेल, खनिजांची पूड हे सारे पुद्गलच. मग चित्र अमूर्त कसे असेल? ज्याला वर्ण आहे ते अमूर्त नाही. आणि वर्णावाचून चित्र नाही. म्हणजे काटेकोर अर्थाने ‘अमूर्त चित्र’ हा शब्दप्रयोगच विसंगत ठरतो.

ही केवळ शब्दांची ओढाताण नव्हे. ज्या चित्रकाराचे नाव भारतीय अमूर्त कलेच्या संदर्भात सर्वप्रथम घेतले जाते, त्या वासुदेव गायतोंडे यांनाही आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणवून घेणे मान्य नव्हते. त्याऐवजी ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे वस्तुनिरपेक्ष, हा शब्द ते पसंत करीत. भेद सूक्ष्म आहे, परंतु महत्त्वाचा आहे. अमूर्त म्हटले की कोणत्या तरी मूर्त वस्तूचे रूप काढून घेऊन तिचे सार उरविले आहे, असा भास होतो. मग पाहणारा त्या दडलेल्या वस्तूचा शोध घेऊ लागतो. वस्तुनिरपेक्ष म्हटले की असा शोधच संपतो. येथे कोणतीही वस्तू लपविलेली नाही. जे आहे ते रंगांचे, पोताचे, प्रकाशाचे आणि त्यांच्यामधील अंतराचे अस्तित्व आहे. म्हणूनच ‘यात काय दडले आहे?’ या प्रश्नाने अशा चित्राकडे गेले की हाती निराशाच येते.

गिरगाव ते निजामुद्दीन

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. त्यांचे वाढणे मात्र मुंबईच्या गिरगावातले. सर ज. जी. कला विद्यालयातून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. आरंभीच्या काळात ते मानवाकृती रंगवीत असत. त्या चित्रांवर बसोली आणि पहाडी लघुचित्रांबरोबरच जैन हस्तलिखितांतील चित्रांचाही प्रभाव दिसतो, असे अभ्यासक नोंदवितात. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या ज्यांनी ग्रंथभांडारात पाहिल्या असतील, त्यांना हा संबंध सहज उमगेल. त्या चित्रांत सपाट तांबडी किंवा निळी पार्श्वभूमी असते, रेषा धारदार असते, खोलीचा आभास निर्माण करण्याचा खटाटोप नसतो. रंग तेथे वस्तूचे वर्णन करीत नाही. तो स्वतःच्या बळावर उभा असतो. गायतोंडे यांनी पुढे आकृती सोडून दिली, पण रंगाचे हे स्वयंपूर्ण अस्तित्व सोडले नाही.

१९५० मध्ये ते मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी जोडले गेले. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. समुद्राच्या सान्निध्यातील त्या वास्तूत चित्रकार, नाट्यकर्मी आणि संगीतकार शेजारी शेजारी काम करीत. पंडित रविशंकर यांचे ‘किन्नर’ हे संगीत विद्यालयही तेथेच होते. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात गायतोंडे यांना प्रथम पुरस्कार मिळाला. १९६४ मध्ये रॉकफेलर अभ्यासवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये पद्मश्री किताब लाभला.

यानंतरचा मार्ग मात्र कीर्तीच्या दिशेने गेला नाही. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते दिल्लीला स्थायिक झाले आणि निजामुद्दीन भागातील लहानशा जागेत एकाकी राहू लागले. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज हे त्यांच्या चिंतनाचे विषय होते. सभा-समारंभ त्यांनी टाळले. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे त्यांच्या हातून पूर्ण होत. उरलेला काळ आळसात जात नसे; तो पाहण्यात, ऐकण्यात आणि थांबण्यात जात असे. चित्र मनात परिपक्व होईपर्यंत कॅनव्हासला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. १९८४ मध्ये त्यांना गंभीर अपघात झाला आणि मोठे कॅनव्हास हाताळणे काही वर्षे अशक्य झाले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली. पुढे पुन्हा तैलरंगांकडे वळले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा कलाजगताबाहेर फारशी कोणी दखल घेतली नाही.

या जीवनाला तपश्चर्या म्हणण्याचा मोह आवरावा. गायतोंडे काही मुनी नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. परंतु गरजा मर्यादित ठेवल्या की लक्ष किती खोल जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणून त्यांच्याकडे पाहता येते.

रंग लावणे आणि रंग काढणे

गायतोंडे यांचे एखादे चित्र समोर असले की पहिल्या दृष्टिक्षेपात ते एकरंगी वाटते : सारा पिवळा, सारा करडा किंवा सारा गडद निळा. दोन-चार मिनिटे थांबल्यावर त्या एका रंगाखालून दुसरा रंग वर येऊ लागतो. मग ध्यानात येते की येथे रंगांचे अनेक पातळ, पारदर्शक थर एकमेकांवर चढविलेले आहेत.

यामागील पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ते कुंचल्यावर विसंबून राहत नसत. रोलरने रंगाचा थर पसरविणे, चित्रसुरीने तो खरवडणे, ओल्या रंगावर कागदाचे फाडलेले वा कापलेले आकार दाबून पुन्हा उचलणे, अशा क्रिया ते करीत. कागदाबरोबर काही रंग निघून येई आणि त्या जागी खालचा थर उघडा पडे. म्हणजे रंग लावण्याइतकेच रंग काढण्यालाही तेथे महत्त्व होते. जे निघून जाई, त्याची पुसट खूण मागे राही. पाण्यावर तरंगणारे काहीतरी, भिंतीवरचा जुना ओलसर डाग, न वाचता येणारी लिपी : पाहणाऱ्याच्या मनात अशा अनेक प्रतिमा जाग्या होतात. चित्र त्यांपैकी कोणत्याही एका प्रतिमेला दुजोरा देत नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी उभ्या आकाराचे कॅनव्हास निवडले, यालाही अर्थ आहे. आडव्या चौकटीत डोळा आपोआप क्षितिज शोधतो आणि ‘हा समुद्र’, ‘हे शेत’ असे म्हणून मोकळा होतो. उभ्या चौकटीसमोर माणूस उभा राहतो, तेव्हा त्याची उंची आणि चित्राची उंची परस्परांना सामोरी येते. निसर्गदृश्य पाहण्याची सवय तेथे उपयोगी पडत नाही.

न्यूयॉर्कमधील प्रदर्शन

गायतोंडे यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, न्यूयॉर्कच्या सॉलोमन आर. गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. संदिनी पोद्दार यांनी ते संयोजित केले होते. ‘चित्रकला : एक प्रक्रिया, चित्रकला : एक जीवन’ असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. सार्वजनिक संस्था आणि खासगी संग्राहक यांच्याकडून मिळविलेली ४५ चित्रे व कागदावरील कामे तेथे मांडली गेली. फेब्रुवारी २०१५ पर्यंत ते चालले आणि नंतर व्हेनिस येथील पेगी गुगेनहाइम संग्रहातही दाखविले गेले.

या घटनेतील एक योगायोग विलक्षण आहे. आज गुगेनहाइम या नावाने ओळखले जाणारे हे संग्रहालय १९३९ मध्ये जनतेसाठी उघडले, तेव्हा त्याचे नाव होते ‘म्युझियम ऑफ नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’, म्हणजेच वस्तुनिरपेक्ष चित्रांचे संग्रहालय. गायतोंडे आपल्या चित्रांसाठी जो शब्द आग्रहाने वापरीत, तोच शब्द या संस्थेच्या पहिल्या पाटीवर होता.

युरोपातही ही कला कोठून तरी एकाएकी उगवलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी वासिली कांदिन्स्की यांनी कलेतील आध्यात्मिकतेवर ग्रंथ लिहिला. पीट मोंद्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. या सोसायटीचे मुख्यालय आपल्याच देशात, चेन्नईतील अड्यार येथे आहे. काझिमिर मालेविच यांनी १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात आपला काळा चौकोन खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला. रशियन घरांत त्या जागी पवित्र प्रतिमा ठेवण्याची प्रथा होती. आकृती टाळणाऱ्या या चित्रकारांपैकी अनेकांना दृश्य जगापलीकडच्या सत्याची ओढ होती. अमूर्त कला म्हणजे केवळ पाश्चात्त्य लहर किंवा निरर्थक सजावट, असा समज बाळगणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा.

पितळी पत्र्यातील रिकामी आकृती

रूप नसलेल्याला रूप कसे द्यावे, हा प्रश्न चित्रकारांच्या फार आधी मूर्तिकारांसमोर उभा होता. नाशिकच्या पांडवलेण्यांतील अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, केवळ स्तूप आहे. उपासनेच्या केंद्रस्थानी बुद्धाची मानवी मूर्ती नाही. त्या काळच्या शिल्पकाराला एक शांत, गोलाकार घनरूप पुरेसे वाटले. त्याच डोंगरातील अकराव्या लेण्यात नंतरच्या काळातील जैन मूर्ती आढळतात. एकाच डोंगरात दोन्ही वाटा शेजारी शेजारी नांदतात.

जैन परंपरेत हा प्रश्न अधिक तीव्र होता. अरिहंत सशरीर असतात. त्यांची प्रतिमा घडविता येते. परंतु सिद्ध अशरीरी आहेत. आठही कर्मांचा क्षय होऊन लोकाग्री स्थिर झालेल्या शुद्ध जीवाला वर्ण नाही, गंध नाही, स्पर्श नाही. त्यांना नमस्कार तर रोज करायचा आहे. मग नजरेपुढे काय ठेवावे?

विशेषतः दिगंबर परंपरेतील कारागिरांनी याचे जे उत्तर शोधले, ते जागतिक कलेच्या इतिहासात अपूर्व म्हणावे लागेल. धातूच्या पत्र्यातून कायोत्सर्ग मुद्रेतील मानवाकृती कापून काढून टाकायची आणि उरलेला पत्रा उभा करायचा. मूर्तीच्या जागी मूर्ती नाही. तिची बाह्यरेषा आहे आणि आत मोकळे आकाश. भक्त पाहतो ते धातूकडे नव्हे, तर धातू जेथे नाही त्या जागेकडे. वॉशिंग्टन येथील फ्रीर कलादालनात १३३३ सालची अशी एक सिद्धप्रतिमा जतन केलेली आहे. मुक्त जीवाचा आकार अंतिम देहापेक्षा किंचित न्यून असतो, हे शास्त्रवचन ज्याला ठाऊक होते, त्या कारागिराने आकार राखला आणि द्रव्य वगळले.

नाशिक जिल्ह्यातील वाचकांना या उत्तराचे मोल अधिक जाणवावे. म्हसरूळजवळील गजपंथ आणि बागलाण तालुक्यातील मांगी-तुंगी ही दोन्ही सिद्धक्षेत्रे, म्हणजे जेथून आत्मे मुक्त झाले अशी स्थाने, याच जिल्ह्यात आहेत. मांगी-तुंगीच्या डोंगरात भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची अखंड पाषाणमूर्ती कोरली गेली. तिचा प्रतिष्ठा महोत्सव २०१६ मध्ये पार पडला. एकीकडे डोंगराएवढा पाषाण, दुसरीकडे हातभर पत्र्यातील पोकळी. एकच परंपरा मूर्ताच्या भव्यतेने आणि अमूर्ताच्या सूचनेने, अशा दोन्ही मार्गांनी भाविकाला त्याच दिशेने नेते.

आधुनिक चित्रकाराचे चित्र आणि सिद्धप्रतिमा यांना एका पारड्यात तोलणे योग्य नव्हे. एक पूजनीय आहे. दुसरे कलाकृती आहे. परंतु पाहण्याची जी शिस्त सिद्धप्रतिमा शिकविते, तिचा उपयोग दालनात नक्कीच होतो. पोकळीकडे ‘येथे काही नाही’ म्हणून पाहायचे, की ‘येथे जे आहे त्याला रूप नाही’ म्हणून पाहायचे, हा निर्णय पाहणाऱ्याचा असतो. ज्या घरांना ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे, त्यांनी एखाद्या रिकाम्या दिसणाऱ्या कॅनव्हाससमोर संकोचून जाण्याचे कारण नाही.

‘हे तर कोणीही काढेल’

अमूर्त चित्रांविषयी दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की हे तर कोणीही काढेल, शाळकरी मूलही काढेल. दुसरा असा की यात कोणी काहीही पाहावे, सारेच बरोबर; मग त्याला कसोटी ती कोणती?

पहिल्या आक्षेपात अंशतः तथ्य आहे. आकृतीच्या आधाराविना चित्र काढणे वरवर सोपे असल्याने या क्षेत्रात उथळ कामही पुष्कळ होते, हे प्रांजळपणे मान्य करावे. भिंतीच्या रंगाशी जुळणारे, सहज विकले जाणारे, गायतोंडे किंवा रझा यांची छाया मिरविणारे कॅनव्हास कमी नाहीत. परंतु उथळ निसर्गचित्रेही कमी नसतात. गायतोंडे यांनी आकृती सोडली ती आकृती जमत नव्हती म्हणून नव्हे. ती उत्तम साधल्यानंतर सोडली. मराठी मुलखातील इतर चित्रकारांविषयीही हेच म्हणता येते. शंकर पळशीकर यांच्यासारखे शिक्षक ज. जी. कला विद्यालयात व्यक्तिचित्रणाचे धडे देतानाच विद्यार्थ्यांना रंगाच्या आंतरिक सामर्थ्याचे भान देत होते. त्याच संस्थेत शिकविणारे प्रभाकर कोलते यांनी रंगांच्या थरांतून स्वतःची भाषा सिद्ध केली. अकोल्याचे अंबादास यांनी नॉर्वेत स्थायिक होऊनही प्रवाही फटकाऱ्यांची आपली वाट सोडली नाही. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या मराठी ग्रंथात कॅनव्हाससमोर बसलेल्या चित्रकाराच्या मनाचा वेध घेतला. कलाविषयाची पूर्वतयारी नसलेल्या वाचकालाही तो बरेच काही देतो.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर अनेकांतदृष्टी देऊ शकते. मात्र तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अनेकांत म्हणजे कोणतेही विधान खरे, असे नव्हे. प्रत्येक विधान कोणत्या तरी नयाने, म्हणजे विशिष्ट दृष्टिकोनातून केलेले असते आणि त्या मर्यादेत ते तपासता येते. ‘हे चित्र उदास आहे’ असे कोणी म्हटले, तर ते कशावरून, हे त्याने दाखवावे : खालच्या भागातील जड करड्या रंगावरून, की वर जाता जाता तुटणाऱ्या रेषेवरून? दुसऱ्याला तेच चित्र शांत वाटले, तर त्यानेही चित्रातच बोट ठेवावे. दोघांची मते भिन्न राहिली तरी दोघांनीही चित्र अधिक बारकाईने पाहिलेले असते. आणि जेथे कितीही पाहून बोट ठेवण्याजोगे काहीच सापडत नाही, तेथे चित्र दुबळे आहे असे म्हणण्याचा अधिकार पाहणाऱ्याला आहे. हीच कसोटी.

किमतीच्या कसोटीवर मात्र विसंबू नये. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत झालेल्या क्रिस्टीजच्या लिलावात गायतोंडे यांचे १९७९ मधील एक चित्र २३ कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले आणि त्यांचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकले. निजामुद्दीनच्या लहानशा जागेत ते चित्र तयार झाले तेव्हा त्यात जे होते, तेच २०१३ मध्येही होते. बदलले ते बाजाराचे मत.

सहकुटुंब पाहताना

नाशिकमध्ये कुसुमाग्रज स्मारकासारख्या ठिकाणी चित्रप्रदर्शने भरत असतात. बहुतेक प्रदर्शनांना प्रवेशमूल्य नसते, चित्रकार स्वतः हजर असतो आणि प्रश्नांची त्याला चीड नसून प्रतीक्षा असते. मुलांना आणि वडीलधाऱ्यांना घेऊन एखादी सायंकाळ तेथे घालवायची असेल, तर काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात.

सर्व चित्रे पाहण्याचा हट्ट नसावा. एक फेरी मारावी, ज्या चित्रासमोर पाऊल रेंगाळले ते एकच निवडावे आणि त्याच्यासमोर दहा मिनिटे थांबावे. पहिली दोन मिनिटे कंटाळ्याची जातात. ती जाऊ द्यावीत. डोळा स्थिरावला की रंगांतील भेद दिसू लागतात. मग चित्राच्या अगदी जवळ जाऊन पृष्ठभाग पाहावा, पुन्हा दहा पावले मागे सरून पूर्ण चौकट पाहावी. जवळून जे खरबरीत ओरखडे असतात, तेच दुरून प्रकाशासारखे भासतात.

शीर्षक आधी वाचू नये. शीर्षक हाती आले की मन त्याचा पुरावा शोधू लागते आणि पाहणे थांबते.

मुलांना ‘हे काय आहे?’ असे विचारू नये; त्यांच्याकडून वस्तूचे नाव उकळण्याचा तो प्रयत्न ठरतो. त्याऐवजी ‘यात सर्वांत आधी कोणता रंग लावला असेल?’, ‘नजर पहिल्यांदा कोठे गेली आणि नंतर कोठे?’, ‘हा तांबडा ठिपका झाकला तर काय होईल?’ असे विचारावे. सय्यद हैदर रझा लहान असताना त्यांच्या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे एकटक पाहायला लावले होते, अशी आठवण ते सांगत. चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे, एवढाच त्यामागे हेतू होता. पुढे तोच ‘बिंदू’ त्यांच्या चित्रांचा आधार बनला. दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या घरातील मुलांना या ठिपक्याची भाषा परकी वाटू नये.

घरी परतल्यावर जेवताना प्रत्येकाने आपण पाहिलेल्या चित्रातील एकच गोष्ट सांगावी. आजोबांना कोपऱ्यातील हिरवा आठवेल, नातीला मधली रेघ, आईला साऱ्या चित्रावर पसरलेली धूसर शांतता. तिघांनी पाहिले एकच चित्र. तिघांना दिसलेली चित्रे तीन. दुसऱ्याने जे पाहिले ते आपल्या नजरेतून निसटले होते, हे ध्यानात आले की पुढच्या वेळी त्याच दालनात पाय अधिक वेळ रेंगाळतील आणि अभिप्रायाच्या वहीत ‘छान’ या शब्दापुढे आणखी एखादी ओळ लिहावीशी वाटेल.